बुडबुड्याला भिणारे सर

दिवाळीनंतर दादाच्या खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा वहिनीने देवाचं नाव घेतलं आणि मी सरांचं. वहिनीचा देव निदान देव्हाऱ्यात तरी होता. माझे सर जाऊन दोन वर्षं झाली होती.

दादा माझा थोरला भाऊ. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहे, परांचीवर चढायचं काम. तरुणपणी त्याला टीबी झाला होता. औषधांनी बरा झाला, पण जाता जाता त्या आजाराने फुप्फुसाचा एक कोपरा नासवून ठेवला. त्या कोपऱ्यातली रक्तवाहिनी आता फुगून गळायला लागली होती. उपाय मला तोंडपाठ होता, कारण मी नाशकातल्या एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये नर्स आहे आणि अर्धं आयुष्य हेच बघत आले आहे. जांघेतून एक बारीक नळी आत सरकवायची, पडद्यावर बघत बघत ती गळणाऱ्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि वाळूहून बारीक कण सोडून ती वाहिनी कायमची बंद करून टाकायची. चिरफाड नाही, टाके नाहीत, पेशंट टक्क जागा. ऐकायला किती सोपं. धोका असतो तो त्या कणांचा. ते मागे उसळले आणि शेजारच्या भलत्याच फांदीत शिरले तर? छातीतल्या या वाहिन्यांना कधी कधी केसासारखी एक फांदी असते, ती मणक्याकडे जाते. ती बुजली की माणसाचे पाय जातात. रक्त थांबतं, पण माणूस उठत नाही. आणि इथे प्रश्न परांचीवर चढणाऱ्या माझ्या दादाच्या पायांचा होता.

म्हणून मला सर हवे होते. दुसरं कुणी नको, तेच हवे होते.

सर म्हणजे आमच्या कॅथलॅबचे डॉक्टर. रक्तवाहिन्या बंद करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. पण स्टाफमध्ये त्यांची ओळख त्यासाठी नव्हती. सगळे त्यांना पाठीमागे ‘बुडबुडे सर’ म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

मी लॅबमध्ये नवी आले त्या दिवशी त्यांनी सलाइनने भरलेली एक सिरिंज माझ्या हातात दिली आणि म्हणाले, यातला बुडबुडा शोधा. मी उजेडाकडे धरून बघितली, उलटीसुलटी केली. म्हटलं, सर, यात काही नाहीये. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, नखाने टक टक टक वाजवली, आणि कुठूनसा अर्ध्या मोहरीएवढा बुडबुडा वर आला.

"होता," सर म्हणाले. "तुमची-त्याची ओळख व्हायची होती, एवढंच."

त्या दिवसापासून माझी बुडबुड्यांशी जी ओळख झाली ती आजतागायत सुटली नाही. लग्नात कुणी हातात सरबत दिलं तरी मी आधी ग्लासाच्या कडेला टिचकी मारते. माझ्या नवऱ्याला वाटायचं, ही माझ्या माहेरची पद्धत आहे.

नळीतून हवेचा एक थेंबभर फुगा जरी आत गेला आणि चुकून मेंदूकडे निघाला, तर काय होतं हे सर आम्हाला कधी भीती घालून सांगायचे नाहीत. ते फक्त वागून दाखवायचे. सिरिंज नळीला जोडायची तर दोन्ही तोंडांवर पाण्याचा थेंब उभा पाहिजे, आणि थेंबाला थेंब भेटूनच जोड बसला पाहिजे. कुणी घाईत कोरडं तोंड कोरड्याला लावलं की सर ती सिरिंज सरळ टाकून द्यायचे आणि नवीन मागायचे. रागावायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. नुसतं "पुन्हा" म्हणायचे. त्या ‘पुन्हा’ची मला इतकी चीड यायची! बाहेर पुढचा पेशंट ताटकळलेला, टेक्निशियन काका घड्याळाकडे बघतायत, आणि हे आपले सिरिंज वाजवत बसलेत.

पाण्याची वाटी वेगळी, कणांची वाटी वेगळी, एखादा कण पाण्याबरोबर भलतीकडे जाऊ नये म्हणून. कणांच्या सिरिंजला लागलेला हात चुकून जरी पाण्याच्या वाटीवरून गेला तरी सगळा ट्रे बदला. स्टोअरवाले कावायचे. एकदा तर त्यांनी स्टोअरचे साहेबच आणून उभे केले, की बघा हे डॉक्टर किती सामान वाया घालवतात. सरांनी त्या साहेबांना क्ष-किरणांसाठीचा शिशाचा जड एप्रन चढवला, माझ्या शेजारी उभं केलं आणि सगळी प्रोसिजर संपेपर्यंत सोडलं नाही. बिचारे घामाने निथळले. पुन्हा कधी सामानाचा विषय निघाला नाही.

कण सोडताना मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. एरवी गप्पिष्ट, पण तेव्हा ओठ मिटलेले. अंगठा इतका हळू दाबायचे की दाबतायत हे कळायचंही नाही. थोडं सोडायचं, थांबायचं, पडद्यावर बघायचं, पुन्हा थोडं. वाहिनी भरत आली, आता एक शेवटचा दाब दिला की काम पक्कं, असं आम्हाला सगळ्यांना दिसत असायचं. सर नेमके तिथे थांबायचे. म्हणायचे, शेवटचा घास खायचा नाही. जागा नसताना कोंबलं की तेच मागे उसळतं.

गंमत म्हणजे हा माणूस जेवायचाही तसाच. कॅन्टीनमध्ये मिसळ घेतली की शेवटचा पाव-तुकडा ताटात शिल्लक. चहाचा शेवटचा घोट कपात. कॅन्टीनच्या मावशींच्या जिवाला ते लागायचं. त्या मला विचारायच्या, माझ्या हाताला चव नाही का गं? मी त्यांना समजावून सांगितलं की मावशी, त्यांना सवयच आहे ती, हात कुठे थांबवायचा याची. मावशींना ते काही पटलं नाही. त्या सरांना मुद्दाम कमी वाढायला लागल्या. सर त्यातलंही उरवायचे.

गाडीचं तर विचारू नका. द्वारका चौकाचा सिग्नल अजून दिसतही नसायचा तेव्हापासून यांचा पाय ब्रेकवर. मागे हॉर्नचा नुसता गोंधळ. एकदा रिक्षा मिळेना म्हणून मी नाशिक रोडपर्यंत त्यांच्या गाडीत बसले. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वळून बघितलं सुद्धा. मी म्हटलं, सर, चालत गेले असते तर पोचले असते. ते म्हणाले, पोचणारच आहात, चिडता कशाला, सिस्टरबाई. मला ते सिस्टरबाई म्हणायचे. नुसतं सिस्टर कधी नाही. आता कुणीच म्हणत नाही.

स्टाफमध्ये एक कुजबूज कायम असायची, की सरांच्या हातून पूर्वी कधीतरी एखादा पेशंट अधू झाला असणार, त्याशिवाय माणूस इतका कशाला भिईल? जो तो आपापली गोष्ट रचायचा. मला राहवलं नाही. मी एकदा तोंडावरच विचारलं. वाटलं, आता रागावतील. ते हसले.

"काही झालं नाही हो. झाल्यावर भिऊन काय उपयोग? मी आधीच भिऊन घेतो, म्हणजे टेबलाशी उभं राहिल्यावर हात मोकळा राहतो."

माझी जागा पेशंटच्या पायाशी असायची. हे दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये असतं की नाही मला ठाऊक नाही, आमच्याकडे सरांनी लावलेली रीत होती. छातीतली वाहिनी बंद करायची असली की एक माणूस पायाशी उभा राहणार, चादरीखाली दोन्ही हातांत पेशंटचे दोन्ही पंजे धरणार. सर थोडे कण सोडणार, थांबणार, पेशंटला म्हणणार, बोटं हलवा. बोटं हलली की मी सांगायचं, हलली. त्याशिवाय पुढचा दाब नाही. पेशंट स्वतः "हलवतोय की" म्हणाला तरी सर माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. किती पाय धरले असतील मी! भेगांचे, मेंदीचे, शेतात अनवाणी चालून जोड्यासारखे टणक झालेले. माणसाचं तोंड कितीही धीराचं असो, पाय गार पडलेले असतात.

चांदवडकडची एक बाई आली होती. तिलाही असंच खोकल्यातून रक्त पडत होतं. आमची सगळी तयारी झाली, नळी जागेवर पोचली, सरांनी पडद्यावर वाहिन्या उमटवणारा डाय सोडून चित्र बघितलं. काकांनी कणांची सिरिंज पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला, पुन्हा थोडा डाय सोडला, पुन्हा बघितलं. मला काहीच दिसत नव्हतं. काकांनाही नाही. मग सरांनी बोट ठेवून दाखवलं. वाहिनीच्या तोंडाशीच एक बारीकशी फांदी वर चढून, केसाच्या आकड्यासारखी वळून, खाली मणक्याकडे उतरत होती.

सरांनी नळी बाहेर काढून घेतली आणि त्या दिवसाचं काम थांबवलं.

बाहेर तिचा नवरा आणि चार पाहुणे बसले होते. त्यांना कळलं की एवढं सगळं करून काहीच केलं नाही, तेव्हा त्यांचा पारा चढला. नवरा सरांच्या अंगावरच आला.

"डॉक्टर, रक्त काय थांबंना म्हणून इथवर आलो आम्ही, आन् तुम्ही मधीच सोडून दिलं? जमत नव्हतं तं आधी सांगायचं होतं."

सर म्हणाले, "रक्त थांबवायला माझ्याकडे अजून वाट आहे. पाय गेले तर ते परत आणायला माझ्याकडे वाट नाही. तुम्ही मला शिव्या द्या, चालेल."

मग ते त्याच्याच बाकावर बसले. त्याला विचारलं, कांद्याला ठिबक आहे का? होतं. सर म्हणाले, तुमच्या ठिबकच्या मुख्य पाइपात मी मूठभर बारीक रेती सोडली, तर कुठल्या वाफ्याचं पाणी तुटेल ते सांगाल का? तो माणूस म्हणाला, नाय सांगता यायचं. सर म्हणाले, तेच. मी मुख्य पाइपातून सोडत होतो. आता आणखी बारीक नळी मागवतो, ती या नळीच्या आतून त्या फांदीच्या पुढे नेतो, आणि तिथे सोडतो. म्हणजे रेती तुमच्या चांगल्या वाफ्यात जाणार नाही. त्यानंतर पाहुण्यांना हे सगळं त्या नवऱ्यानेच समजावलं, आणि आमच्यापेक्षा बरं समजावलं.

तरी ते दोन दिवस सगळ्यांचाच जीव टांगणीला होता. बाईला मध्ये पुन्हा रक्त पडलं. वॉर्डातले लोक आमच्याकडे असे बघायचे की मी जेवायला खाली जायचंच सोडलं. सर मात्र तिच्या खाटेशी खुर्ची टाकून बसलेले. बारीक नळी मुंबईहून आली आणि तिला पुन्हा टेबलावर घेतलं. मी पायाशी. दोन दाबांच्या मध्ये सर तिच्याशी बोलत होते, कारण जीभ नीट चालतेय तोवर डोक्याकडे सगळं ठीक आहे. कांदा साठवायची चाळ कशी भरता, असं त्यांनी विचारलं, आणि मग मुद्दामच काहीतरी चुकीचं बोलले, की वरून ओतत असाल ना? ती बाई टेबलावर पडल्या पडल्या त्यांच्यावर खेकसली, की कांदा असा ओतायचा नसतो डॉक्टर, सडतो तो, पाटीनं अलगद सोडायचा असतो. माझ्या हातात तिची बोटं भराभरा हलत होती. जोडव्यांचे वळ होते त्यांवर. सर मास्कमधून हसले आणि म्हणाले, बरोबर, अलगदच सोडतोय. तिचं रक्त थांबलं. चालत घरी गेली.

सर झोपेतच गेले, गंगापूर रोडच्या त्यांच्या घरी. आदल्या दिवशी लॅबमध्ये होते. जाताना मला म्हणाले होते, उद्या लवकर या, दोन केसेस आहेत. मी लवकर गेले होते. सिरिंज भरून, वाजवून, ट्रे लावून तयार होते. काका आत आले आणि खुर्चीवर बसून राहिले, तेव्हा मला कळलं.

त्यांच्या जागी काही महिन्यांनी मॅडम आल्या. नागपूरकडच्या, वयाने माझ्यापेक्षा खूप लहान, बोलणं कमी, पायात पळायचे बूट. हात चलाख. त्यांचं सगळं भराभर असायचं. मी त्यांच्याशी नीट वागले नाही असं नाही, पण त्यांनी काहीही केलं की माझं मन म्हणायचं, सरांनी असं केलं नसतं. पायाशी माणूस उभा करायची रीत त्यांनी बंद केली. त्या स्वतःच पेशंटला विचारायच्या आणि पंज्यांवर रोखलेल्या छोट्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायच्या. मला पायाशी काही काम उरलं नाही. मी ट्रेशी उभी राहायचे आणि हात कुठे ठेवावे ते कळायचं नाही.

आणि आता दादा. मी त्याला म्हटलं, आपण मुंबईला जाऊ. तिथे मोठे मोठे आहेत. दादा म्हणाला, तिथे मला कोण ओळखतं? इथे तू आहेस ना. मी त्याला कसं सांगू की मी आहे, पण मला जे हवेत ते नाहीत? शेवटी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दादाच्या छातीच्या स्कॅनची चित्रं त्यांच्यासमोर उघडी होती. मी बोलत सुटले. थेंबाला थेंब, दोन वाट्या, पायाशी माणूस, मीच उभी राहीन म्हटलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग स्कॅनवर पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. दादालाही तशीच एक बारीक फांदी होती, मणक्याकडे जाणारी.

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

मॅडम म्हणाल्या, ती आधीच दिसलीय, म्हणून सुरुवातीपासूनच बारीक नळीने जाणार, थेट तिच्या पुढे. कणही जरा मोठे घेणार, म्हणजे चुकून मागे आले तरी त्या फांदीच्या तोंडात मावणार नाहीत. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुमच्या सरांना मी पाहिलेलं नाही, सिस्टर. खूप ऐकलंय. पण मला त्यांच्यासारखं करायला सांगू नका. दुसऱ्याचा हात धरून मला नळी नाही चालवता येत. आणि उद्या तुम्ही आत यायचं नाही. उद्या तुम्ही नातेवाईक आहात."

मला संताप आला, रडूही आलं. पण बाई खोटं बोलत नव्हती. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला आत नेलं आणि ते दार माझ्या तोंडावर बंद झालं. त्या दाराची बाहेरची बाजू मी इतकी वर्षं कधी नीट पाहिलीच नव्हती. रंग उडालेला होता. वहिनी माझ्या शेजारी पदराचं टोक पिळत बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, आता काय करत असतील? मला प्रत्येक पायरी माहीत होती, ती मी बोटांवर मोजत होते. आता नळी गेली असेल. आता डाय सोडला असेल. आता ती फांदी दिसली असेल. आता कण. माझ्या मनात मी सरांना हाका मारत होते, अक्षरशः. सर, या हो. एकदाच या. नुसते मागे उभे राहा.

दार उघडलं तेव्हा मॅडमची टोपी कपाळावर चिकटलेली होती. म्हणाल्या, छान झालं, रक्तवाहिनी बंद झाली, फांदी मोकळी आहे, पाय उत्तम. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, जा आत, स्वतः बघा.

मी आत गेले. दादा काकांशी वाद घालत होता की मला आता उठून बसू द्या, पाठ अवघडली. काका त्याला दटावत होते, पाय सरळ ठेवा, अजिबात हलवायचे नाहीत. मी चादर वर केली. उजव्या पंज्याची बोटं तो हळूच हलवत होता, मुद्दाम, काकांना चिडवायला. मी त्याचा पाय धरला. गरम होता. दादा म्हणाला, सोड गं, गुदगुल्या होतात.

मी तिथून निघून हात धुवायच्या बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि रडले. आवाज ऐकून काका आले. म्हणाले, अहो, सगळं नीट झालं ना, आता कशाला रडताय? मी म्हटलं, नीट झालं म्हणूनच रडतेय. त्यांना कळलं असेल, कारण ते गेले नाहीत. टॉवेल हातात धरून तिथेच उभे राहिले.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की सर नाहीत म्हणून आमचं काम उणं पडतंय. त्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाच्या पायांवर बेतलं होतं, आणि काम कुठेही उणं पडलं नाही. मला आनंद झाला होता, देवाशपथ झाला होता. आणि ही एवढी चांगली बातमी सगळ्यात आधी ज्यांना सांगायची, नळी कुठली, कण केवढे, फांदी कुठून निघाली होती हे खोदून खोदून ज्यांनी विचारलं असतं, ऐकून जे लहान मुलासारखे खूश झाले असते, तेच नव्हते. कामाला सर लागले नाहीत. मला लागत होते.